अँप्लिफायर न सुचवल्याबद्दल आभार

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हालाच आहे, पण चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. ट्यूब अँप्लिफायर, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा, घ्यायचं ज्याच्या डोक्यात बसतं, त्याचा पहिला प्रश्न असतो ‘कुठला घेऊ?’ मीही तुम्हाला तोच विचारला होता. विचारला कसला, उत्तर ठरवूनच आलो होतो: ३००बी ट्यूबचा, सिंगल-एंडेड (जोडी नाही, एकच ट्यूब सगळं काम करते तो), ८ वॅटचा. तुम्ही नुसती मान डोलवायची बाकी होती. ती तुम्ही डोलवली नाहीत. ‘स्पीकर कुठले?’ एवढंच विचारलंत.

मी कंपनीचं नाव सांगायला लागलो, तर म्हणालात, ‘नाव राहू दे, सेन्सिटिव्हिटी सांग.’ म्हणजे १ वॅट दिला की स्पीकर किती आवाज काढतो, तो आकडा. घरी जाऊन स्पीकर उलटा करून मागचं लेबल वाचलं. ८६ डेसिबल, आणि इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) ८ ओहम. इतकी वर्षं त्यावरची धूळ पुसली, पण आकडा कधी वाचला नव्हता.

मग तुम्ही ३००बीची जन्मकथा सांगितलीत. वेस्टर्न इलेक्ट्रिकची ही ट्यूब १९३८ची, आणि तिच्या घराण्यातल्या ट्यूबांनी तेव्हाची सिनेमागृहं वाजवली. एवढ्याशा वॅटमध्ये अख्खं थिएटर कसं भरायचं? कारण पडद्यामागे भलेमोठे हॉर्न स्पीकर होते, थोड्याशा वॅटमध्येही दणका देणारे. ‘तू ट्यूब तेवढी त्या जमान्यातली घेणार आणि स्पीकर मात्र आजचा, छोट्या खोक्यातला,’ म्हणालात. हिशेब साधा होता. आवाज ३ डेसिबलनं वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात. म्हणजे ९५ डेसिबलच्या स्पीकरचं जे काम १ वॅटमध्ये होतं, त्याला माझ्या स्पीकरला ८ वॅट हवेत. माझा लाडका अँप्लिफायर तिथंच संपला.

मला ते पटलं नव्हतं, हे तुम्ही ओळखलंत. वाद न घालता मीटर हातात दिलात. आपण जास्तीत जास्त जेवढ्या आवाजात ऐकतो तेवढा नॉब फिरवायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. स्पीकरच्या वायरी काढून उणे १२ डेसिबलचा (रेकॉर्डिंगच्या पूर्ण पातळीपेक्षा तेवढा खालचा), १२० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवायचा आणि अँप्लिफायरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज बघायचं. मीटरनं ३.१ दाखवलं. ‘टोन १२ डेसिबल खाली आहे, म्हणजे पूर्ण पातळीला व्होल्टेज चौपट. १२.४. त्याचा वर्ग कर आणि ८ नं भाग.’ उत्तर आलं १९ वॅट. एरवी मी १ वॅटच्या आतच ऐकत असतो, पण डग्ग्यावर खणखणीत थाप पडली की त्या क्षणापुरते एवढे लागू शकतात, हे तेव्हा कळलं.

वायरी काढताना तुम्ही जे बजावलंत ते इथं मुद्दाम लिहितो. ही मोजणी माझ्या जुन्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरवर होती म्हणून वायरी काढलेल्या चालल्या. ट्यूबचा अँप्लिफायर स्पीकर न जोडता वाजवायचा नाही. ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही तर आत व्होल्टेज इतकं उसळू शकतं की ट्रान्सफॉर्मरच जळतो. आणि त्या अँप्लिफायरमध्ये तोच सगळ्यात महागडा भाग. तुम्ही तर अँप्लिफायर उचलून बघायला सांगितलं होतंत, ‘जड लागला पाहिजे’ म्हणून. तेव्हा मला हसू आलं होतं.

एवढं सगळं करून तुम्ही तुमचा ३००बी माझ्याकडे आठवडाभर ठेवलात, हा तुमचा खरा मोठेपणा. खरं सांगू? हळू आवाजात, रात्री, एकटा गळा आणि तानपुरा असला की तो अँप्लिफायर मला अजूनही आठवतो. जव्हारीतला प्रत्येक स्वर हवेत उभा राहायचा. तबला सुरू झाला आणि आवाज थोडा चढवला की मात्र सगळं एकमेकांत मिसळायचं. डग्गा फुगायचा, घुमक संपायचं नावच घ्यायची नाही. वॅट कमी, हे एक कारण. दुसरं तुम्ही दाखवलंत: माझा स्पीकर नावाला ८ ओहमचा, पण काही ठिकाणी ४ पर्यंत उतरतो. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे देऊन चुका सुधारायची सोय) नसलेल्या त्या अँप्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्सही बऱ्यापैकी, त्यामुळे स्पीकरचे चढउतार थेट आवाजात उमटत होते.

शेवटी ईएल३४ ट्यूबांची पुश-पुल जोडी (दोघी मिळून काम वाटून घेतात ती) असलेला, ३५ वॅटचा घेतला. निवड माझीच, तुम्ही शेवटपर्यंत नाव घेतलं नाहीत. आल्या आल्या स्पीकर मागच्या ८ ओहमच्या टॅपवर (जोडणीच्या स्क्रूवर) जोडला. आठवड्यानं तुमच्या सांगण्यावरून बंद करून, थांबून, वायरी ४ ओहमवर नेल्या. डग्गा आवळला गेला. थाप पडली आणि थांबली. एका स्क्रूच्या अंतरावर एवढा फरक होता, आणि मी मधल्या काळात नव्या केबल शोधत होतो!

एक गोष्ट मात्र तुमची ऐकली नाही. ‘सहा महिने ट्यूबा बदलू नकोस,’ म्हणाला होतात. मी दुसऱ्याच महिन्यात जुन्या काळातल्या ईसीसी८३ची (अँप्लिफायरमधल्या छोट्या ट्यूबची) एक जोडी आणली. त्यातल्या एकीला पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हळूच टिचकी मारली की उजव्या स्पीकरमधून ‘टिंग’ ऐकू येतं. मायक्रोफोनिक निघाली. मूळचीच परत बसवली आहे, हसू नका.

तुमचा मीटर अजून माझ्याकडेच आहे. बायस, म्हणजे गाणं नसतानाही ट्यूबमधून वाहणारा करंट, बघायला लागतो. टेस्ट पॉइंट बाहेरच दिलेत, त्यामुळे झाकण उघडून चारशे व्होल्टशी खेळायचं काही काम नाही. दर ट्यूबला ४० मिलिअँपियर ठेवायचेत. डावीकडची पुढची ट्यूब अजून ४३ पर्यंत सरकते, तिला आणखी थोडे दिवस बघतो आणि मग येत्या रविवारी मीटर आणून देतो. येताना तुमच्या ३००बीसाठी एक तानपुऱ्याचं रेकॉर्डिंगही आणतोय. तबला नसलेलं.

तुमचा,
८६ डेसिबलवाला