ताई, आमच्या भाऊजींना खरं सांगितलंत

आदरणीय ताई,

सासूबाई गेल्या तेव्हा मोठ्यांनी ठरवलं, भाऊजींना बौद्धिक अपंगत्व आहे, त्यांना सांगायचं नाही. "आई दवाखान्यात आहे" म्हणायचं. स्मशानातही त्यांना नेलं नाही. मग काय, रोज सकाळी आईचा डबा पिशवीत घालून ते दारात उभे! दवाखान्यातून आई परत येते, हे त्यांनी बघितलेलं होतं.

भाऊजी येतात त्या तुमच्या कार्यशाळेत कळल्यावर तुम्ही त्याच संध्याकाळी आलात. पाहुण्यांनी भरलेल्या घरात त्यांच्यासमोर सतरंजीवर बसलात, त्यांचा हात त्यांच्याच छातीवर ठेवलात. "धडधडतंय ना? तुमच्या आईचं थांबलं. आई मेली. आता तिला दुखत नाही, भूक लागत नाही. ती परत येणार नाही." 'मेली' ऐकून आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. भाऊजींनी विचारलं, "भाकरी कोण करणार?" "वहिनी करणार. रोज." मग ते रडले. अडतिशीतल्या माणसाला सगळे बाळ म्हणतात, तुम्ही तेवढं अहो-जाहो केलंत.

पुढं कितीतरी दिवस तेच प्रश्न. दर वेळी त्याच शब्दांत उत्तर द्या, हे तुमचं बजावणं फार कामाला आलं. मला ताप आला तर उशाशी येऊन, "वहिनी मरणार?" सगळेच कधीतरी मरतात, पण हा साधा ताप आहे, गोळीनं उतरेल, असं सांगितलं. पटलं त्यांना.

दहाव्याला तुमच्या सांगण्यावरून नेलं. पिंडावर पाणी त्यांनीही सोडलं. सासूबाई विड्या वळायच्या. त्यांचं माळ्यावर टाकलेलं सूप तुम्ही खाली काढायला लावलंत. दुपारी भाऊजी ते मांडीवर घेऊन बसतात. आत पान नाही, तंबाखू नाही, बोटं मात्र चालतात.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत त्यांनी ताट भिरकावलं. शेजारी म्हणाले, नाटकं. पण दुःख उशिरा आणि असंच बाहेर पडतं, सणावाराला जास्त, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. जत्रेच्या मिरवणुकीतले नंदीध्वज बघायला ते दरवर्षी आईबरोबर जायचे ना! यंदा आम्ही सगळे गेलो, सासूबाईंचा फोटो घेऊन.

आणि हो, पालकत्वाचं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली भाऊजींसारख्या अठरा वर्षांपुढच्यांनाही कायदेशीर पालक नेमता येतो, कलेक्टरसाहेबांची समिती असते, हे तुमच्यामुळेच कळलं. ह्यांनी अर्ज भरून ठेवलाय. सोमवारी झेरॉक्स घेऊन कार्यशाळेत येते, एकदा नजर टाका.

तुमची,
भाऊजींची वहिनी, सोलापूर