मित्राला दिलेला शब्द आणि शाळेतले इंग्रजी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मित्रास पत्र’ हा प्रश्न इंग्रजीच्या परीक्षेत वर्षानुवर्षे विचारला जातो. परंतु त्या पत्रात मित्राला शब्द देताना मुले जे इंग्रजी लिहितात, त्यात मैत्री कोठेच दिसत नाही, याकडे शिक्षकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. जुन्या मित्राने मुलीच्या लग्नाला बोलावले, तर मराठीत आपण ‘येतोच’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत लिहायची वेळ आली की मात्र ‘आय प्रॉमिस यू दॅट आय शॅल डेफिनेटली अटेंड’ असे वाक्य आपल्या लेखणीतून उतरते आणि ते पत्र एखाद्या कार्यालयाने पाठवलेल्या उत्तरासारखे वाटू लागते.

या वाक्यातला ‘शॅल’ तर जुन्या नियमालाही धरून नाही. अनंताचे चिन्ह गणितात आणणारे जॉन वॉलिस यांनी १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात सांगितले होते, की प्रथमपुरुषी ‘शॅल’ केवळ पुढे काय घडेल ते सांगतो, तर वचन ‘विल’ने दिले जाते. म्हणजे भारदस्त वाटतो म्हणून आपण जो शब्द निवडतो, त्यात त्या नियमाप्रमाणे वचनच नसते! आज इंग्रजी ज्यांची मायबोली आहे, ते जिवलगांशी बोलताना या भेदात फारसे पडत नाहीत; ते दोन्ही शब्द आखडून ‘आय’ल बी देअर’ म्हणतात आणि तेवढ्यात शब्द दिला जातो. आपल्या ‘येणारच’मधल्या ‘च’चे काम तेथे आवाजातला जोर करतो, ‘विल’ पूर्ण उच्चारून त्यावर भर दिला, की समोरच्याच्या मनातली शंका दूर करण्याचा सूर त्यात उमटतो. ‘आय प्रॉमिस’ही वर्ज्य नाही, पण पूर्वी एकदा येणे राहून गेले असेल तेथे ते अधिक शोभते, ‘यू हॅव माय वर्ड’ला तर पैशाच्या किंवा गुपिताच्या बाबतीतले वजन आहे. ‘आय’ल ट्राय टू कम’ आपण नम्रतेने लिहितो खरे, परंतु ते वाचणाऱ्याला त्यात ‘बघू, जमलं तर’ एवढेच ऐकू येण्याचा संभव असतो, आणि जुन्या मित्राच्या बाबतीत हा गैरसमज मला फार गंभीर वाटतो.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की हे पत्र शिकवताना ते कोणाला लिहायचे आहे याची चर्चा आधी करावी, नमुना-उत्तरांतली लांबलचक वाक्ये पाठ करून घेऊ नयेत, आणि एखाद्या विद्यार्थ्याने ‘आय’ल बी देअर’ एवढेच लिहिले तर वाक्य छोटे आहे म्हणून त्याचे गुण कापू नयेत.

आपला,
एक वाचक, सातारा