मा. आयुक्त, हा सिंकहोल नैसर्गिक नाही

मा. आयुक्त,
स.न.वि.वि.

पावसाच्या सुरुवातीला खचलेला आमच्या प्रभागातला रस्ता कायमचा दुरुस्त केल्याचं आपण जाहीर केलंत. या आठवड्यात तो त्याच जागी पुन्हा खचला, आणि आपलं पत्रक म्हणतं, 'नैसर्गिक सिंकहोल', म्हणजे जमीन आपोआप खचून पडलेला खड्डा.

नैसर्गिक सिंकहोल मुख्यतः चुनखडीसारख्या विरघळणाऱ्या खडकाच्या प्रदेशात होतात. खडक पाण्यात विरघळत जातो, पोकळी वाढते, छत कोसळतं. आपलं शहर बेसॉल्टवर उभं आहे. काळा पाषाण असा विरघळत नाही. इथे गेलीय ती माती, आणि तीही आपल्याच ड्रेनेज लाइनमधून.

जुन्या पाइपाचा सांधा उघडतो. पाऊस झाला की भोवतालची माती त्या फटीतून आत शिरते आणि पाण्याबरोबर निघून जाते. पोकळी हळूहळू वर सरकते. डांबराचा थर काही दिवस तग धरतो, मग एखादा टँकर येतो आणि रस्ता बसतो. त्याआधी खुणा दिसतात: रस्ता बशीसारखा दबतो, भोवती गोल भेग पडते, पुढच्या चेंबरमध्ये रेती साठते. झाकण उचलून बघायला कुठली निविदा लागते?

आपल्या माणसांनी खड्ड्यात राडारोडा ओतला आणि वर डांबर टाकलं. सांधा तसाच राहिला. राडारोड्यात मोठ्या फटी असतात, त्यातून उरलेली माती आणखी सहज वाहून जाते. आधी पाइपापर्यंत खोदा, लाइनमध्ये कॅमेरा फिरवा, सांधा बदला. मग मुरूम 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, दाबत भरा आणि प्रत्येक थराची घनता तपासा. जमिनीखालच्या पोकळ्या शोधायला रडार सर्वेक्षणाची घोषणाही ऐकली. ओल्या काळ्या मातीत त्या लहरी जेमतेम मीटरभर जातात. आपली लाइन त्याहून खोल आहे.

20 सप्टेंबर 2024 ला पुण्यात सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचाच ट्रक पेव्हर ब्लॉकसकट जमिनीत गेला. चालक वाचला. खाली जुनी विहीर असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. बुजवलेल्या विहिरी आपल्याही शहरात आहेत. त्यांचा नकाशा कुठे आहे?

पाणीवाले खोदतात, केबलवाले खोदतात, वीजवाले खोदतात. बुजवतो कोण, हे कुणालाच माहीत नसतं. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, डांबराचे चौरस मीटर चढतात, खालच्या मातीची घनता कुणी विचारत नाही, आणि बिल मात्र निघतं. माणसं या रस्त्यावरून रोज जीव मुठीत धरून जातात, साहेब.

या कामाचं बिल थांबवा. कॅमेऱ्याचं चित्रण आणि घनतेचे अहवाल प्रभाग कार्यालयात लावा, मगच डांबर टाका.

आपला,
एक करदाता