मला पडद्याबाहेर ठेवल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही अशी ताकीद आहे, म्हणून नुसतं 'ताई'. तसंही 'संकलन' या शब्दापुढचं नाव प्रेक्षागृहात किती जण वाचतात, देव जाणे.

मी दिग्दर्शन करणार म्हटल्यावर निर्मात्यांची पहिली अट होती, मुख्य भूमिकाही मीच करायची. त्यांचं तरी काय चुकलं? पैसा माझ्या चेहऱ्यावर उभा राहणार होता. माझ्या दिग्दर्शनाचा तोवर कुणाला काय पत्ता! तुम्ही मात्र संहिता वाचून म्हणालात, "पहिल्या सिनेमात तू दिसू नकोस." मी वाद घातला. अमोल पालेकरांनी १९८१च्या 'आक्रीत'मध्ये दिग्दर्शनाबरोबर कामही केलंच की! तुम्ही हॉलिवूडचा नट रॉबर्ट रेडफर्ड पुढे केलात: १९८०चा 'ऑर्डिनरी पीपल', स्वतः पडद्यावर नाही आणि पहिल्याच दिग्दर्शनाला ऑस्कर. मग मी चार्ल्स लॉटन हा जुना नट काढला. तोही १९५५ साली 'द नाइट ऑफ द हंटर'मध्ये कॅमेऱ्यामागेच राहिला, सिनेमा आपटला, पुन्हा त्याने दिग्दर्शन केलं नाही. "आणि आज तो सिनेमा अभ्यासतात," एवढंच तुम्ही बोललात. तिथे माझं तोंड बंद झालं.

निर्मात्यांना पटवायलाही तुम्हीच आलात. वास्तविक ते तुमचं काम नव्हतं.

तुमच्या हट्टाचा अर्थ सेटवर उमगला. दिग्दर्शक समोर उभा राहून संवाद म्हणत असेल, तर नवखा नट पात्राकडे बघतच नाही. टेक बरा चाललाय का, हे तो त्याच्या डोळ्यांत शोधतो. मॉनिटरशी बसल्यामुळे माझ्या नटांना ती चोरटी नजर टाकावी लागली नाही.

संकलनाच्या टेबलावर तर तुम्ही माझी सवयच मोडलीत. वर्षानुवर्षं रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रण, पाहताना माझं लक्ष बोलणाऱ्यावर, खरं सांगायचं तर स्वतःवर. तुम्ही भांडणाच्या सीनमधला बोलणाऱ्याचा क्लोजअप काढून गप्प ऐकणाऱ्या मुलीवर शॉट धरून ठेवलात. संवाद तेच, पण सीन तिचा झाला. प्रसिद्धी मिळाल्यापासून प्रत्येक टेकला 'वा!' ऐकायची सवय लागलेल्या बाईला "हा शॉट कशाला हवा?" असं विचारणारं माणूस भेटणं किती दुर्मीळ, ते त्या धंद्यातलेच जाणतात.

मनापासून आभार, ताई. पुढची संहिता सोबत पाठवते आहे. त्यात माझ्यासाठी एक छोटी भूमिका लिहिली आहे, दोनच सीनची. नको असेल तर आत्ताच सांगा, टेबलावर कापू नका.

तुमची,
एक नटी