गजा, ते इंजेक्शन पुन्हा देऊ नको

नागपूर, रविवार रात्र

प्रिय गजा,

फोनवर तू घाईत होता म्हणून लिहून राहिलो. लंगडणाऱ्या गाईला मेडिकलमधून माणसांचं दुखण्यावरचं इंजेक्शन, डायक्लोफिनॅक, आणून टोचलं अन् दोन दिवसांत चालायला लागली असं तू म्हटलं, तेव्हा मी गप्प झालो कारण मला आमची मांजर मनी आठवली.

मे महिन्यातली गोष्ट. मनीला ताप, खात नव्हती, रात्रीचे अकरा वाजलेले, मीच पॅरासिटामॉलची पाव गोळी दुधात घोळून पाजली, लेकरांना चालते तर मांजरीला काय होते असं वाटलं. सकाळी बघतो तर तोंड सुजलेलं, हिरड्या मातकट निळ्या, धापा टाकून राहिली. टॉवेलात गुंडाळून सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजात नेलं. तिचं रक्त काढलं तर चॉकलेटसारखं तपकिरी रे. आईला मी ते पाहू दिलं नाही. डॉक्टर मॅडमनी समजावलं की आपलं लिव्हर हे औषध ज्या एन्झाइमनं निकामी करते ते मांजरीत जवळपास नसतंच, मग त्याचंच विष बनते अन् रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही. उतारा दिला एन-ॲसिटिलसिस्टीनचा, अन् माणसानं पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस घेतला तर हेच देतात! तिसऱ्या दिवशी मनीनं दूध चाटलं तेव्हा मला रडू आलं.

तेव्हापासून यावर सापडेल ते वाचून राहिलो. आयव्हरमेक्टिन बघ, १९८१ मध्ये जनावरांच्या जंतांसाठी आलं, १९८७ पासून आफ्रिकेत आंधळं करणाऱ्या रोगावर माणसांना मिळालं, त्याच्या शोधासाठी कॅम्पबेल अन् ओमुरा यांना २०१५ चं नोबेल. म्हणजे गोठ्यातलं औषध माणसाच्या कामी येते, पण मधल्या वर्षांत कोणीतरी बसून माणसाला किती द्यायचं, काय त्रास होते हे तपासलेलं असते. ते मधलं काम मी त्या रात्री केलं नव्हतं अन् तूही केलं नाही.

आता तुझं डायक्लोफिनॅक. चौथीत असताना तुझ्या आजोबांच्या वावरामागं मेलेल्या बैलावर गिधाडं उतरायची, आपण बांधावर बसून मोजायचो, आठवते? कुठं गेली ती? औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, त्यांच्या किडन्या बंद पडल्या. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून हे समजलं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, पण लोक माणसांच्या मोठ्या कुप्या आणून गुरांना टोचत राहिले, म्हणून २०१५ मध्ये माणसांची कुपीसुद्धा ३ मिलीची करावी लागली. गाईला दुखण्यावर मेलोक्झिकॅम आहे, ते गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरलंय अन् गुणही येते.

अन् गजा, लंगडणं कशानं होतं ते कोणी पाहिलं का? खुरात पू असला तर दुखणं दबते, रोग आतच राहते. उद्याच काटोलच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलाव, खूर दाखव, दूध किती दिवस घ्यायचं नाही तेही विचार, घरात लेकरं पितात. उरलेली कुपी गोठ्यात ठेवू नको.

डॉक्टर काय म्हणतात ते रात्री फोन करून सांग, मी जागा आहे.

तुझा,
बंड्या