गाडलेली यंत्रे आणि ढासळलेला शेवट

महोदय,

रविवार पुरवणीत ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या २००५ मधील चित्रपटाला ‘मूळ कादंबरीशी प्रामाणिक’ म्हटले आहे, ते पूर्णपणे पटत नाही. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ मधील पुस्तकात मंगळावरून धातूची नळकांडी येतात. इंग्लंडमधील हॉर्सेल कॉमन या माळरानावरच्या खड्ड्यात पहिल्या नळकांड्याचे झाकण आटे फिरत सावकाश उघडते आणि भोवती बघ्यांची गर्दी असते. आलेले जीव पृथ्वीवर अगदी नवखे आहेत. मंगळावर जिवाणूच नाहीत, म्हणून ते इथल्या जिवाणूंनी मरतात. हा शेवट त्या नवखेपणावरच उभा आहे.

चित्रपटाचे दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी मात्र आक्रमकांची तिपायी युद्धयंत्रे फार पूर्वीच जमिनीत पुरून ठेवलेली दाखवली. रस्ता दुभंगून यंत्र वर येते तो प्रसंग थरारक आहे, यात वाद नाही. पण यंत्रे पुरण्याइतका हा ग्रह ज्यांना ठाऊक होता, त्यांना इथले जंतू ठाऊक नसावेत? शेवट तोच ठेवला आणि त्याचा आधार काढून घेतला.

बाकी बाबतीत हे रूपांतर याच कादंबरीवरील १९५३ च्या चित्रपटापेक्षा सरस आहे. तिथे तिपायी यंत्रांऐवजी तरंगती याने होती आणि नायक शास्त्रज्ञ होता. इथे गोदीतला क्रेनचालक आहे. तो घरी परततो तेव्हा त्याच्या अंगावर माणसांचीच राख असते. सामान्य माणसाच्या नजरेतून दिसणारा हा विध्वंस वेल्स यांच्या निवेदनाच्या फार जवळचा आहे. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

– एक वाचक