कल्याणीच्या रिव्हॉल्वरबद्दल

चि. अनिकेतास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, कल्याणीच्या वाढदिवसाला एखादं छोटं, हलकं रिव्हॉल्वर आणतो, तिला आधी सांगणार नाही. आजूबाजूला सगळे होते म्हणून मी गप्प राहिले. आता सविस्तर लिहिते. असं करू नकोस. पैसे तू दे, दुकानापर्यंत सोडायलाही जा, पण निवड तिच्या हाताला करू दे. काउंटरवरचा फॉर्मही तिनेच स्वतःच्या नावाने भरावा.

तिला ते का हवंय हे मला पूर्ण पटतं. घरं विकायचं तिचं काम, रिकाम्या घराचं कुलूप काढून अनोळखी माणसाला आत घ्यायचं, तेही टेक्सासात ह्यूस्टनजवळच्या केटी गावाच्या पलीकडे, जिथे शेजारची घरं अजून उभी राहायची आहेत. पहिली भेट ऑफिसातच घ्यायची, ओळखपत्राचा फोटो ऑफिसला पाठवायचा, जिन्यावर गिऱ्हाइकाला पुढे जाऊ द्यायचं, हे सगळं आधी. रिव्हॉल्वर त्यानंतर. ग्रीन कार्ड आलं म्हणून हा विषय तरी काढता येतोय. एच-फोरवर, म्हणजे तुझ्या नोकरीमुळे मिळालेल्या बायकोच्या व्हिसावर, होती तोवर, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, फेडरल कायद्याने तिला बंदूक नुसती जवळही ठेवता आली नसती. तुमच्या मित्रमंडळीत अजून व्हिसावर असलेले आहेत, त्यांच्याही कानावर घाल.

आता हलकं हलकं जे चाललंय त्याबद्दल. बाई समोर आली की दुकानदार काचेखालून सगळ्यात लहान काढून देतो. स्मिथ अँड वेसनचं ६४२ घे, रिकामं सुमारे ४०० ग्रॅम. रुगरचं एलसीआर त्याहूनही थोडं कमी. हातात घेतल्यावर कोणालाही आवडेल. पण गोळीचा धक्का बंदुकीचं वजनच पचवतं, वजन नसेल तर तो थेट अंगठ्याच्या बेचक्यात येतो. पहिल्याच दिवशी हात झिणझिणला की माणूस पुढच्या गोळीआधी डोळे मिटायला लागतो, मग सराव टाळतो, आणि ती वस्तू खणात पडून राहते. शिवाय ६४२ चा ट्रिगर ओढायला साधारण १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास जोर लागतो. चारशे ग्रॅमची वस्तू धरून साडेपाच किलोचा जोर लावायचा, मग नळी हलणारच. रुगरचं एसपी१०१ पोलादी, सातशे ग्रॅमच्या वर. दिवसभर कमरेला जाणवतं खरं, पण रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, बाई टिकते. माझं मत जडाच्या बाजूने आहे. तरी कल्याणीला ते ओझं वाटलं तर एलसीआर बघावं, त्याचा ट्रिगर एकसारखा, न अडखळता येतो.

हाताला बसतंय की नाही हे दुकानातच कळतं. रिकामं आहे याची दोनदा खात्री करून तिने ते धरावं, नळी मनगटाच्या आणि कोपराच्या सरळ रेषेत. आता तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट टेकतं का ते बघायचं. टेकवण्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल तर ग्रिप, म्हणजे बंदूक धरायचा दस्ता, जाड आहे. करंगळी खाली लोंबकळत असेल तर ग्रिप आखूड आहे. मग भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नेम धरून सलग दहा वेळा ट्रिगर ओढायचा. सातव्या-आठव्या वेळी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, थरथरायला लागली तर तो ट्रिगर तिच्यासाठी नाही. घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारा भाग, आत झाकलेला असावा, बाहेर आला की तो कुर्त्यात अडकतो.

काडतूस .३८ स्पेशल. एसपी१०१ मध्ये त्याहून जोरदार .३५७ मॅग्नम चालतं म्हणून तिला ते मारायला लावू नकोस, तुझी हौस तुझ्या बंदुकीवर भागव. सुरुवातीला १४८ ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॅडकटर, चपट्या तोंडाचं, मऊ चालतं आणि कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतं. बोटांत जोर कमी पडला तर .३२ एच अँड आर मॅग्नमचाही विचार करा. धक्का कमी, आणि तेवढ्याच आकारात पाचाऐवजी सहा गोळ्या. मात्र ती काडतुसं महाग आणि दर दुकानात मिळत नाहीत.

घेतल्यावर तिच्या हातासारखं करून घ्यायचं. ग्रिप एका स्क्रूवर बदलते, दोन-तीन प्रकार लावून बघा. लांब ग्रिप हाताला बरी, पण कपड्यातून आधी तीच दिसते, तेव्हा तिचे रोजचे कपडे घालूनच ठरवा. माशी काळी असली तर अंधाऱ्या खोलीत सापडत नाही. माझ्या माशीवर आधी पांढरं आणि त्यावर केशरी नेलपॉलिश आहे, वर्षातून एकदा नवा हात देते. स्प्रिंग मात्र हलकी करून घेऊ नका. ट्रिगर मऊ होतो, पण घोड्याचा ठोका कमी पडून एखादं काडतूस उडतच नाही. रिकाम्या बंदुकीत नकली काडतुसं घालून रोज थोडा सराव केला की ट्रिगर आणि बोट दोन्ही सुधारतात. या बंदुकांची माशी वर-खाली करता येत नाही, म्हणून काडतूसच बदलून बघायचं: जड गोळी जवळच्या अंतरावर थोडी वर लागते, हलकी खाली. हलक्या रिव्हॉल्वरमध्ये आणखी एक बघायचं. चार गोळ्या मारून पाचवं काडतूस बाहेर काढा. धक्क्याने त्याची गोळी पुढे सरकलेली दिसली तर ते काडतूस नको, काडतुसं भरायचा फिरता सिलिंडर अडकेल.

पर्समध्ये ठेवायचं नाही. हे मी सासू म्हणून नाही, आजी म्हणून सांगते. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाच्या हाती आईच्या पर्समधलं पिस्तूल लागलं आणि ती गेली. पर्स खास बंदुकीचा कप्पा असलेली होती. आपली चिऊ आता सगळ्या चेनी उघडते. शिवाय घर दाखवताना कल्याणी पर्स ओट्यावर ठेवून मागचं अंगण दाखवायला जाते, मी पाहिलंय. अंगावर, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये, नाहीतर बोटाने उघडणाऱ्या तिजोरीत. तिसरी जागा नाही. मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर टेक्सासात गुन्हा आहे, पण मला भीती त्याची नाही.

बंदूक अंगावर बाळगायचं लायसन्सही काढाच. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात ते सक्तीचं नाही, म्हणून तू ते उडवून लावलंस. पण शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेली बंदूक घेऊन रस्त्याने जायला फेडरल कायदा मनाई करतो, आणि राज्याचं लायसन्स असलेल्याला त्यातून सूट आहे. कल्याणी ज्या वसाहतींत घरं विकते तिथे प्रत्येक वळणावर शाळा. वर्ग चार ते सहा तासांचा, आणि ३, ७ व १५ यार्डांवरून पन्नास गोळ्यांची परीक्षा.

शनिवारी सकाळी तिला माझ्याकडे पाठव. माझं ६४२ आहे, एसपी१०१ मैत्रिणीचं आणते, एलसीआर रेंजवर भाड्याने मिळतं. तिन्हीतून गोळ्या मारेल आणि हाताला काय वाटतं ते मला सांगेल. तू येऊ नकोस, तू शेजारी उभा असलास की ती तुला आवडलेलंच आवडलं म्हणते. चिऊला सांभाळ, दुपारच्या जेवणाला तिघांनी इकडेच या.

तुझी,
आई